तसंच्या तसं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सुधारणांची मुदत संपली आणि त्या तारखेच्या आगेमागे नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी कचेऱ्यांमध्ये नवे संगणक येऊन पडले. जुने संगणक बिघडले होते असे नव्हे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये, त्यामुळे त्याआधी घेतलेले आणि अजून उत्तम चालणारे संगणकही एकदम बाद ठरले. पैसे भरून मुदत वाढवून घेण्याची सोय आहे, पण बहुतेक मालकांनी हिशेब मांडून पाहिला आणि नवेच घ्यायचे ठरवले. लहान कारखान्यांच्या आणि व्यापारी कचेऱ्यांच्या संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय असल्याने जुन्या संगणकातल्या फाइली नव्या संगणकात नेऊन ठेवणे हे सध्या माझे रोजचे काम झाले आहे.

या कामाला कोणी फारसे काम मानत नाही. नव्या संगणकांच्या कोटेशनमध्ये मॉनिटर, यूपीएस, अँटिव्हायरस यांच्या ओळी असतात. फाइली हलवण्याची ओळ नसते, आणि असलीच तर तिच्यापुढे ‘मोफत’ असे लिहिलेले असते. कॉपी-पेस्ट तर करायचे आहे, संध्याकाळी लावून गेलात की सकाळपर्यंत होऊन जाईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. फाइली खरोखरच सकाळपर्यंत होऊन जातात. पण ज्या माणसाच्या त्या फाइली आहेत, त्याला सकाळी खुर्चीवर बसल्याबरोबर काम सुरू करता येते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर द्यायचे असेल तर ते काम त्या माणसाला शेजारी बसवूनच केले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात निवृत्तीला आलेले एक काका आहेत. त्यांच्या मॉनिटरवर फाइलींची इतकी दाटी होती की मागचे चित्र कशाचे आहे ते ओळखू येत नव्हते. साहेबांनी मला आधीच सांगून ठेवले होते की नव्या मशीनवर हा पसारा नको, सगळे उचलून एका फोल्डरमध्ये टाका. मी खुर्ची ओढून बसले तेव्हा काका म्हणाले, “ताई, बाकी काय करायचं ते करा, पण माझा डेस्कटॉप तेवढा तसंच्या तसं ठेवा.” कुठे काय आहे ते मला दाखवाल का, असे विचारल्यावर त्यांनी काचेवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. डावीकडचा पहिला उभा रकाना रोज उघडायच्या फाइलींचा होता: रोख वही, बँकेचा ताळमेळ, ट्रान्सपोर्टवाल्यांची देणी. दुसरा रकाना महिन्याच्या कामांचा होता आणि तो तारखांच्या क्रमाने वरून खाली लावलेला होता. सात तारखेला भरायच्या टीडीएसची फाइल सर्वांत वर, तिच्याखाली अकरा तारखेच्या जीएसटीआर-१ ची, मग पंधरा तारखेच्या पीएफ आणि ईएसआयची, मग वीस तारखेच्या जीएसटीआर-३बी ची. महिना जसा पुढे सरके तशी त्यांची नजर त्या रकान्यात खाली उतरत असे. उजव्या कडेला ज्या पार्ट्यांकडून पैसे यायचे होते त्यांची पत्रे होती. पैसे जमा झाले की पत्र तिथून उचलून फोल्डरमध्ये जाई, त्यामुळे उजवी बाजू किती भरली आहे यावरून वसुली किती थकली आहे हे त्यांना फाइल न उघडताही कळत असे. खालच्या कोपऱ्यात ऑडिटरने मागितलेले आणि अजून न दिलेले कागद होते.

साहेबांना जो पसारा दिसत होता, तो त्या माणसाचा कामाचा फळा होता. तो साहेबांना दिसला नाही याचा मी त्यांना दोष देत नाही, कारण काकांनी तो कधी कोणाला समजावून सांगितला नव्हता आणि सांगायची वेळही आली नव्हती.

आता यातली तांत्रिक अडचण अशी की फाइल कॉपी केली म्हणजे फाइल येते, पडद्यावरची तिची जागा येत नाही. ती जागा फाइलीत लिहिलेली नसते. विंडोज ती आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या अंतर्गत नोंदवहीत, त्या वापरकर्त्याच्या नावाखाली वेगळी नोंदवून ठेवते. फाइली नव्या संगणकाच्या डेस्कटॉपवर नेऊन ठेवल्या की विंडोज त्या डाव्या कडेपासून आपल्या हिशेबाने ओळीने लावून टाकते. एकही फाइल हरवलेली नसते आणि तरीही काकांचा रोजचा रकाना, महिन्याचा रकाना, थकबाकीची बाजू हे सगळे गेलेले असते. म्हणून मी जुन्या मॉनिटरचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि नवा संगणक लावल्यावर चिन्हे आपोआप लावण्याची सोय बंद करून, काकांना शेजारी बसवून, एकेक फाइल हाताने तिच्या जागी नेऊन ठेवली. नवा पडदा रुंद असल्याने उजवी कड आता फार लांब गेली होती. ती थोडी अलीकडे घ्यावी का, यावर त्यांनी जरा विचार केला आणि आणखी एक रकाना मोकळा ठेवायला सांगितला. या कामाला तासभर लागला, आणि तो तास वाया गेला असे मला वाटत नाही.

पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. आपले गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये नेमकी वही काढतात आणि आपल्या घरातले कोण पूर्वी येथे येऊन गेले ते वाचून दाखवतात. त्या वह्यांमधली पाने सुटी करून एका पेटीत भरली, तर एक अक्षरही नाहीसे होणार नाही; पण त्यानंतर घाटावर आलेल्या माणसाला त्याच्या पणजोबांचे नाव सापडणार नाही. फाइलींचेही असेच आहे, म्हणून नव्या संगणकाच्या निमित्ताने दुसऱ्याच्या फाइली ‘नीट लावून देणे’ मला मान्य नाही. ‘साहेबांना दाखवलेले’, ‘ऑडिटरला दिलेले’, ‘जुने पण लागते’ अशी फोल्डरची नावे पाहून ती बदलण्याचा मोह होतो. ती नावे ज्याने दिली त्याला त्यांच्यावरून सर्व आठवते; आपण दिलेल्या सुबक नावांवरून त्याला काही आठवणार नाही. बदल करायचाच असेल तर तो त्याने स्वतः, सवडीने, नव्या संगणकावर हात बसल्यानंतर करावा.

तारखांच्या बाबतीतही असेच होते. बरीच माणसे फाइल नावाने शोधत नाहीत, ‘दिवाळीच्या आधी केली होती’ अशा आठवणीने शोधतात. विंडोजमध्ये नेहमीच्या पद्धतीने फोल्डर कॉपी केला तर आतल्या फाइलींची शेवटच्या बदलाची तारीख टिकते, परंतु फोल्डरवर मात्र आजची तारीख पडते, आणि वर्षानुवर्षांचे फोल्डर एकाच दिवशी जन्मल्यासारखे दिसू लागतात. विंडोजसोबत येणारी रोबोकॉपी ही आज्ञा योग्य पर्यायांसह वापरली तर फोल्डरच्या तारखाही जशाच्या तशा राहतात. ती वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. एखादी फाइल उघडी असल्यामुळे कॉपी होत नसेल, तर रोबोकॉपी मुळात तीस-तीस सेकंदांच्या अंतराने दहा लाख वेळा प्रयत्न करण्याच्या तयारीत असते. हा आकडा आधीच कमी करून ठेवला नाही तर रात्री लावलेले काम सकाळी त्याच एका फाइलीपाशी अडलेले सापडते. आणि तिचा ‘मिरर’ हा पर्याय पुरेपूर खात्री असल्याशिवाय वापरू नये, कारण जे मूळ जागी नाही ते तो नव्या जागेवरून पुसून टाकतो.

माणसाला शेजारी बसवण्याचे दुसरे कारण म्हणजे त्याची कामाची चीजवस्तू संगणकात कुठे कुठे असते हे कोणत्याही साधनाला पूर्ण कळत नाही. विंडोज ७ च्या काळात ‘इझी ट्रान्सफर’ नावाची सोय होती, ती विंडोज १० मध्ये राहिली नाही. मोठ्या कंपन्यांसाठी वेगळी साधने आहेत, पण दहा-बारा संगणकांच्या कचेरीत ती कोणी उभारत नाही. वापरकर्त्याच्या नावाचा फोल्डर उघडला की डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स दिसतात आणि तेवढेच उचलले जाते. त्याच फोल्डरमध्ये ‘ॲपडेटा’ नावाचा एक कप्पा दडवलेला असतो. आउटलुकमधली सही त्यात असते. पडद्यावर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या, म्हणजे वजनकाट्यावरच्या माणसाचा नंबर, गेटपासचा क्रमांक, अमुक पार्टीला बिल दोन प्रतींत लागते ही आठवण, त्यात असतात. वर्डला शिकवलेले शब्दही त्यातच असतात. डिस्पॅचच्या एका मॅडमनी इंग्रजी पत्रांत लाल रेघ येऊ नये म्हणून दिंडोरी, निफाड, घोटी, विल्होळी अशी गावांची नावे आणि गिऱ्हाइकांची आडनावे वर्षानुवर्षे त्या यादीत घातली होती. ती काही ओळींची साधी मजकूर-फाइल आहे. ती नेली म्हणून त्यांचे पहिलेच पत्र रेघांविना उमटले आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, “अय्या, याला सगळं माहितीये की!”

याच्या उलट काही गोष्टी कॉपी करून उपयोग नसतो. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड जुन्या संगणकावरच्या लॉगिनशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असतात, म्हणून फोल्डर उचलून नेला तरी ते उघडत नाहीत. ते ब्राउझरमधूनच बाहेर काढावे लागतात, आणि बाहेर काढलेली यादी कोणालाही वाचता येत असल्यामुळे काम होताच पुसावी लागते. डिजिटल सहीच्या डोंगलला नव्या संगणकावर त्याचा ड्रायव्हर आधी घालावा लागतो, नाहीतर रिटर्न भरण्याच्या दिवशी धावाधाव होते.

सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे ई-मेल. लहान कचेऱ्यांमध्ये अजूनही पुष्कळ ठिकाणी पॉप पद्धतीने मेल येतो, म्हणजे तो संगणकात उतरवला जातो आणि बहुधा सर्व्हरवरून पुसला जातो. अशा ठिकाणी गेल्या कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार जगात एकाच जागी असतो, त्या संगणकातल्या एका पीएसटी फाइलीत. ही फाइल वाढत वाढत कित्येक जीबींची होते. जुन्या पद्धतीने, म्हणजे फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. पेन ड्राइव्हवर जागा रिकामी दिसत असूनही कॉपी नाकारली जाते आणि घाईतला माणूस तो संदेश न वाचता पुढे जातो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाही वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये नसतो, पुष्कळदा थेट सी किंवा डी ड्राइव्हवर असतो. दुसऱ्याच कोणी संगणक बदलून दिल्यानंतर मला बोलावले गेलेल्या एका कचेरीत नेमके हेच राहून गेले होते, आणि जुने मशीन त्याच संध्याकाळी फॉरमॅट झाले होते. मालकांच्या बाहेरच्या डिस्कवर जुना बॅकअप सापडला म्हणून निभावले, तरी मधल्या महिन्यांची व्हाउचरे तिथल्या मुलीने कागदांवरून पुन्हा एकेक करून भरली. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. तेवढ्या जबाबदारीची वस्तू एका संध्याकाळच्या घाईवर सोडली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

डी ड्राइव्हचा विषय निघालाच आहे, तर एवढे सांगते की नव्या संगणकात बहुधा एकच सी ड्राइव्ह असतो, आणि एक्सेलच्या फाइली मात्र एकमेकींना ‘डी’ या अक्षराने शोधत असतात. मी नव्या डिस्कचा एक भाग वेगळा करून त्याला डी हेच नाव देते. बाकीचे दुवे मग आपोआप जुळतात.

मराठी फाइलींबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे हे दुखणे घरोघरी आहे. पतसंस्थेच्या नोटिसा, सभासदांच्या याद्या, युनियनची पत्रे, वार्षिक सभेची इतिवृत्ते हे सर्व पूर्वी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये टाइप होत असे. त्या पद्धतीत मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ती फाइल रोमन अक्षरांचीच असते. फाँट आहे तोवर आपल्याला त्यात मराठी दिसते. नव्या संगणकावर तो फाँट नसला की तीच फाइल उघडल्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांचा अगम्य मजकूर समोर येतो आणि माणूस घाबरून म्हणतो की फाइल खराब झाली. फाइल शाबूत असते. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीत देवनागरीला स्वतःच्या जागा १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत आणि विंडोज २००० पासून संगणकात ती सोय आहे, तरीही सवयीच्या कीबोर्डमुळे जुन्या फाँटमध्ये टाइप होतच राहिले.

अशा वेळी जुन्या संगणकावरून ते फाँट आणि शक्य तर परवान्यासह ते सॉफ्टवेअर आधी न्यायचे, फाइल वाचता येते हे पाहायचे, आणि मग सवडीने तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करायचे. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी टाइप होत असे. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे आणि जोडाक्षरांचे असेच असते. साधन चुकले की नेमकी हीच अक्षरे बिघडतात, आणि माणसांची नावे तर वेलांट्या-रफारांनी भरलेली असतात. कामगारांच्या एका पतसंस्थेची सभासद यादी रूपांतरित केल्यावर तिथले मानद सचिव आणि मी ती मूळ छापील यादीशी ताडून पाहत बसलो होतो. ते मोठ्याने नाव वाचत आणि मी पडद्यावर पाहत असे. मध्येच ते थांबत आणि सांगत, हे कर्डक आहेत, कडर्क नव्हे. यांच्या ठेवीची पावती याच नावाने आहे. ती यादी कोणत्याही साधनाने दुरुस्त केली नसती. प्रत्येक नावामागचा माणूस ओळखणारा कोणीतरी तिथे हजर होता, म्हणून ती बरोबर झाली.

कधीकधी तो माणूस कचेरीत राहिलेलाच नसतो. एका कारखान्यात स्टोअरचा संगणक बदलायचा होता आणि स्टोअरकीपर दादा आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. त्यांच्या एक्सेलच्या यादीत डाय (माल घडवण्याचे साचे) आणि टूलच्या नोंदी होत्या, आणि ओळींना पिवळा, निळा, फिका गुलाबी असे रंग दिलेले होते. रंगांचा अर्थ कुठेही लिहिलेला नव्हता; नव्या मुलाने अंदाजाने काम चालवले होते. मी मालकांना सुचवले की दादांना एक दिवस बोलावून घ्या आणि त्या दिवसाचा मेहनताना द्या. मालकांनी लगेच फोन लावला. दादा सिडकोतून आले, चहा घेतला, चष्मा बदलला आणि यादी वर-खाली करत सांगू लागले. पिवळी म्हणजे दुरुस्तीला बाहेर गेलेली डाय, निळी म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालकीची, आपल्याकडे नुसती ठेवलेली. गुलाबी रंगाशी आल्यावर ते म्हणाले, “ह्या वापरायच्या नाहीत. चालतात, पण माल सहा महिन्यांनी परत येतो.” नवा मुलगा त्यांतल्या दोन डाय सर्रास वापरत होता. आम्ही त्याच फाइलीच्या पहिल्या पानावर रंगांचा अर्थ मराठीत लिहून ठेवला आणि खाली तारीख घातली. गुलाबी डाय त्याच दिवशी रॅकवरून उतरवल्या गेल्या.

कचेरीतल्या संगणकात माणसाचे घरही थोडे आलेले असते. मुलीची गुणपत्रिका, आईच्या दवाखान्याची बिले, घराच्या कर्जाचे कागद, लग्नाच्या पत्रिकेचा मसुदा. नियमाने ते तिथे असायला नको हे मलाही ठाऊक आहे. पण सापडले म्हणून ते उघडून पाहण्याचा हक्क मला नाही, आणि न विचारता पुसण्याचा तर नाहीच. मी त्या व्यक्तीला आधी सांगते की घरगुती जे असेल ते स्वतःच्या पेन ड्राइव्हवर काढून घ्या, आणि ते काढत असताना मी तिथून उठून जाते.

हे काम कोणत्या दिवशी करायचे, तेही त्या कचेरीच्या कामावरून ठरवावे. अकाउंट्सचे संगणक वीस तारखेच्या आत आणि मार्चअखेरीला हलवू नयेत. द्राक्षाच्या निर्यातदारांकडे जानेवारी ते एप्रिल या काळात जाऊच नये; कंटेनर भरण्याच्या धांदलीत प्रयोगशाळेचे अहवाल आणि प्लॉटवार नोंदी एका तासासाठी सापडल्या नाहीत तरी माल अडतो. काम झाल्यावर जुन्या आणि नव्या ठिकाणच्या फाइलींची संख्या आणि आकारमान ताडून पाहावे, जुन्यांतल्या जुन्या काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, आणि जुना संगणक लगेच कोणाला देऊ नये. त्याच्यावर नाव आणि तारखेची चिठ्ठी लावून तो किमान एक तिमाही कपाटात ठेवावा, कारण तिमाहीच्या कामाला लागणारी फाइल तिमाहीतच आठवते. त्यानंतर डिस्क नीट पुसावी. नुसते डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅट केल्याने मजकूर जात नाही, तो पुन्हा काढता येतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे बाद यंत्रे नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जायला हवीत. संगणक शाळेला द्यायचा असेल तर तो चांगला विचार आहे, मात्र जुनी डिस्क काढून घेऊन द्यावा.

अलीकडे मी माझ्या कोटेशनमध्ये एक ओळ वाढवली आहे: प्रत्येक वापरकर्त्यासोबत बसून फाइली हलवणे, माणशी दोन तास. काही मालक ती खोडतात. तेव्हा मी त्यांना विनंती करते की आधी एकाच टेबलाचे काम तसे करू द्या आणि त्या टेबलावरच्या माणसाला दुसऱ्या दिवशी विचारा. त्यानंतर बाकीच्या टेबलांसाठी ती ओळ बहुतेक ठिकाणी तशीच राहते.